यूजीन फ्लकी : एका पाणबुडी अधिकाऱ्याच्या पदकांचा हिशेब

सिंधुपुत्र (धागाकर्ता)

अमेरिकी नौदलातील रिअर ॲडमिरल यूजीन फ्लकी (१९१३–२००७) यांच्या नावावर एक मेडल ऑफ ऑनर आणि चार नेव्ही क्रॉस आहेत. ही पाचही पदके त्यांनी दुसऱ्या महायुद्धात एकाच पाणबुडीवर, 'बार्ब'वर, जेमतेम सव्वा वर्षात मिळवली. २७ एप्रिल १९४४ रोजी त्यांनी 'बार्ब'चे नेतृत्व हाती घेतले आणि आठव्यापासून बाराव्यापर्यंत अशा तिच्या पाच युद्धगस्ती केल्या. आठवी, नववी, दहावी आणि बारावी या गस्तींसाठी प्रत्येकी एक नेव्ही क्रॉस, तर अकरावीसाठी मेडल ऑफ ऑनर, अशी ही विभागणी आहे. लढाईवरून परतलेल्या अधिकाऱ्याला दर खेपेला देशातील सर्वोच्च किंवा त्याच्या लगतचे शौर्यपदक मिळावे, हे कोणत्याही सैन्यदलात विरळाच.

त्यांच्याविषयी जे काही वाचायला मिळते त्यात ही पदके बहुधा एखाद्या प्रगतिपुस्तकातल्या गुणांसारखी ओळीने मांडलेली असतात. पदक नेमके कशासाठी दिले गेले, ते एकट्याचे की साऱ्या पाणबुडीचे, आणि युद्ध संपल्यावर शत्रूची कागदपत्रे हाती आली तेव्हा त्यातले काय टिकले, या प्रश्नांकडे फारसे कोणी वळत नाही. त्यासाठीच हा धागा काढला आहे.

प्रथम पदकाविषयी थोडेसे. नेव्ही क्रॉस १९१९ साली सुरू झाला. आरंभी त्याचे स्थान डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलच्या, म्हणजे उत्कृष्ट सेवेच्या पदकाच्या, खाली होते. १९४२ साली अमेरिकी काँग्रेसने तो केवळ शौर्यासाठी राखून ठेवला आणि मेडल ऑफ ऑनरच्या लगेच खाली आणून बसवला. कांस्य धातूचा क्रूस, मध्यभागी गोलात एक जुने शिडाचे जहाज, आणि वर गडद निळी फीत, तिच्या मधोमध एकच पांढरा पट्टा, असे त्याचे रूप आहे. हे पदक पुन्हा मिळाले तर दुसरा क्रूस देत नाहीत, फितीवर सोन्याचा लहानसा तारा लावतात. फ्लकी यांच्या गणवेशावर त्यामुळे चार क्रूस कधीच दिसले नाहीत. तीन तारे लावलेली एकच फीत होती. ही पद्धत ठाऊक नसलेल्या माणसाची नजर तिच्यावरून सहज घसरेल.

नवव्या गस्तीचे उदाहरण मला विशेष वाटते. सप्टेंबर १९४४ मध्ये 'सीलायन' या पाणबुडीने 'राकुयो मारू' हे जपानी जहाज बुडवले. त्यावर सयाम–ब्रह्मदेश रेल्वेमार्गावर राबवून घेतलेले तेराशेहून अधिक ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन युद्धकैदी कोंबलेले होते, याची हल्ला करणाऱ्यांना कल्पना नव्हती. सत्य उघडकीस आल्यावर समुद्रात तरंगणाऱ्यांना वाचवण्यासाठी 'बार्ब' आणि 'क्वीनफिश' या पाणबुड्यांना तिकडे पाठवण्यात आले. वाटेत १६ सप्टेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास एक जपानी ताफा आडवा आला आणि 'बार्ब'ने त्यातील 'उन्यो' ही विमानवाहू नौका बुडवली. त्यानंतर तिने तेलाने माखलेल्या, भान हरपत चाललेल्या चौदा कैद्यांना पाण्यातून वर काढले. 'क्वीनफिश'ने अठरा जणांना वाचवले. एकाच गस्तीत शत्रूचे मोठे जहाज बुडवणे आणि मित्रराष्ट्रांच्या कैद्यांचे प्राण वाचवणे, ही दोन्ही कामे झाली. यांपैकी कोणत्या कामाला पदक मिळाले असे मानायचे?

आता अकराव्या गस्तीकडे येऊ, कारण खरा वाद तिथेच आहे. जानेवारी १९४५ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरील नामक्वान बंदरात तीसहून अधिक जपानी जहाजे नांगर टाकून उभी असल्याचे फ्लकी यांना आढळले. बंदराबाहेरचा समुद्र उथळ, खडकाळ आणि नकाशात धड न नोंदलेला होता, शिवाय त्यात सुरुंग पेरलेले असण्याचा संभव होता. हल्ला केल्यानंतर पाण्याखाली जाण्याइतकी खोली गाठण्यासाठी पृष्ठभागावरून पूर्ण वेगाने तासभर पळावे लागणार होते. तरीही त्यांनी आत शिरण्याचा निर्णय घेतला. पदकासोबतच्या मानपत्रानुसार हल्ल्याच्या वेळी पाणबुडी पाच फॅदम, म्हणजे सुमारे नऊ मीटर खोल पाण्यात होती. जवळपास पंच्याण्णव मीटर लांबीच्या त्या पाणबुडीला पेरिस्कोपच्या खोलीवर जायलाच याच्या दुप्पट पाणी लागत असे. तीन हजार यार्डांवरून पुढच्या नळ्यांतले चार टॉर्पेडो सोडून त्यांनी पाणबुडी वळवली, मागचे चार सोडले आणि मासेमारी नौकांच्या गर्दीतून वाट काढत खोल समुद्राकडे धाव घेतली.

मानपत्र म्हणते की सहा जहाजांवर आठ थेट आघात झाले. युद्धानंतरच्या तपासणीत मात्र त्या हल्ल्यात बुडालेले एकच जहाज, 'ताइक्यो मारू', निश्चित करता आले. गंमत म्हणजे मानपत्रात हल्ल्याची तारीख २५ जानेवारी अशी पडली आहे आणि प्रत्यक्ष हल्ला २३ जानेवारीचा आहे. देशाच्या सर्वोच्च पदकाच्या कागदावर अशी तारीख कायमची राहून गेली, यावरून युद्धकाळात हे कागद कोणत्या घाईत तयार होत असतील याचा अंदाज यावा.

जाणकारांनी आपली मते मांडावीत.

गस्तकरी

लेख अभ्यासपूर्ण आहे. आकड्यांविषयी थोडी भर घालतो. युद्ध संपल्यावर अमेरिकी सेना आणि नौदल यांच्या संयुक्त समितीने जपानी कागदपत्रांवरून प्रत्येक दाव्याची छाननी केली आणि १९४७ साली आपला अहवाल दिला. त्यात फ्लकी यांच्या खात्यावर १६ पूर्णांक एक तृतीयांश जहाजे आणि ९५,३६० टन नोंदवले आहेत. तो एक तृतीयांश पाहून नवा वाचक गोंधळतो; एखादे जहाज बुडवण्यात अनेकांचा हात असेल तर समिती त्याचे श्रेय असे वाटून देत असे.

परंतु या छाननीचेही नियम होते, हे विसरून चालणार नाही. पाचशे टनांहून लहान व्यापारी जहाजे तिने मोजलीच नाहीत. दुसरे असे की तिने बुडालेली जहाजे मोजली. तडाखा बसून निकामी झालेली मोजली नाहीत. आता मानपत्र पुन्हा वाचून पाहा. सहा जहाजे बुडाली असे ते कुठेही म्हणत नाही. सहा लक्ष्यांवर आठ आघात झाले, दारूगोळ्याच्या एका मोठ्या जहाजाचा स्फोट झाला आणि त्यातून उडालेल्या गोळ्यांनी अपरिमित हानी झाली, इतकेच ते म्हणते. काळोखात, तीन हजार यार्डांवरून, पळ काढण्याच्या तयारीत असलेल्या पाणबुडीच्या ब्रिजवरून, म्हणजे वरच्या उघड्या टेहळणीच्या जागेवरून, जेवढे दिसले तेवढे लिहिले गेले. त्यामुळे 'सहा सांगितली आणि एक निघाले' ही मांडणी मला अन्यायकारक वाटते, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत.

शमीवृक्ष

गस्तकरी यांचा मुद्दा तर्काला धरून आहे, तरीही माझी शंका फिटत नाही. गस्तीचा अहवाल कमांडिंग ऑफिसर स्वतः लिहितो, त्याच अहवालावरून वरिष्ठ शिफारस करतात, आणि त्या शिफारशीतून त्याच अधिकाऱ्याला पदक मिळते. पायदळात एखाद्याच्या शौर्याची साक्ष देणारे दहा जण आजूबाजूला असतात. पाणबुडीत बाहेरचे दृश्य पाहणारे मूठभरच, बाकीचे सारे पोलादी नळकांड्यात बसून आवाज ऐकणारे. ही व्यवस्था निर्दोष कशी मानावी?

शिवाय आत सुमारे ऐंशी माणसे असतात. इंजिनाच्या खोलीतल्या माणसाने तासभर यंत्रे त्यांच्या मर्यादेपलीकडे चालवली नसती तर नामक्वानमधून कोणीच परतले नसते. क्रॉस मात्र एकाच्या छातीवर.

सिंधुपुत्र

शमीवृक्ष, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या नौदलाने आपल्या परीने दिले आहे. 'बार्ब'ला आठव्या ते अकराव्या गस्तींसाठी प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशन आणि बाराव्या गस्तीसाठी नेव्ही युनिट कमेंडेशन मिळाले. हे सन्मान संपूर्ण पाणबुडीचे असतात आणि त्या गस्तींवर असलेल्या प्रत्येकाला, मग तो स्वयंपाकी का असेना, ती फीत लावता येते. त्याखेरीज १९४३ पासून पाणबुडीवाल्यांसाठी युद्धगस्तीचे वेगळे चिन्ह सुरू झाले. गस्त यशस्वी ठरली की अधिकारी आणि खलाशी असा भेद न करता ते सर्वांना मिळत असे. पाणबुडीच्या आकृतीची ती चंदेरी पिन असे. पुढच्या प्रत्येक यशस्वी गस्तीसाठी तिच्या खालच्या पट्टीवर एकेक सोनेरी तारा चढे. एवढ्याने विषमता मिटली असे मी म्हणणार नाही. परंतु हल्ल्याचा निर्णय एकट्याचा असतो आणि तो चुकला तर ऐंशी जणांच्या मृत्यूची जबाबदारीही एकट्याचीच असते, हा भाग कमांडिंग ऑफिसरच्या पदकात धरलेला आहे असे मला वाटते.

फ्लकी यांना स्वतःला कशाचा अभिमान होता, हेही येथे नोंदवायला हवे. शत्रूच्या हातून जखमी होणाऱ्याला किंवा मारल्या जाणाऱ्याला अमेरिकेत पर्पल हार्ट देतात. आपल्या नेतृत्वाखाली 'बार्ब'वरील एकाही माणसावर ते पदक घेण्याची वेळ आली नाही, याचा अभिमान त्यांना आपल्या साऱ्या पदकांपेक्षा अधिक होता. नामक्वानसारख्या ठिकाणी शिरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे ऐकायला विसंगत वाटते. त्यांची बारावी गस्त पाहिली म्हणजे ती विसंगती बरीचशी दूर होते.

मेडल ऑफ ऑनर मिळालेल्या अधिकाऱ्याला पुन्हा लढाईवर धाडण्यास वरिष्ठ सहसा तयार नसत. फ्लकी यांनी पॅसिफिकमधील पाणबुडी दलाचे तेव्हाचे प्रमुख ॲडमिरल लॉकवुड यांच्याकडून आणखी एक गस्त मागून घेतली. जुलै १९४५ मध्ये, त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या काराफुतोच्या, म्हणजे दक्षिण साखालिनच्या किनाऱ्यालगत, एक रेल्वेमार्ग त्यांच्या नजरेत भरला. रात्री आठ माणसे रबरी होड्यांतून किनाऱ्यावर गेली. त्यांनी रुळाखालची माती उकरून पाणबुडी स्वतःहून बुडवण्यासाठी ठेवलेला स्फोटकांचा डबा पुरला. हॅटफिल्ड नावाच्या वीजतंत्रज्ञाची युक्ती अशी होती की रुळाच्या अगदी खाली एक लहानसा स्विच बसवायचा. गाडीच्या वजनाने रूळ किंचित वाकला की तो दाबला जाईल आणि गाडी स्वतःच स्फोट घडवील. त्यामुळे वात पेटवून कोणी मागे थांबण्याची गरज उरली नाही. पथक होड्या वल्हवत परतत असतानाच गाडी आली आणि उडाली. पथकासाठी माणसे निवडतानाही ती अविवाहित असावीत ही अट होती. अपवाद हॅटफिल्डचा, कारण युक्ती त्याची होती आणि तो मागे राहायला तयार नव्हता. आठही जण सुखरूप परत आले. फ्लकी यांना चौथा नेव्ही क्रॉस मिळाला तो या गस्तीसाठी. माझ्या मते त्यांचा स्वभाव नामक्वानपेक्षा या गस्तीत अधिक स्पष्ट दिसतो. धोका ते पत्करत, पण त्याआधी तो कसोशीने मोजून घेत.

दीपस्तंभ

साक्षीदारांचा प्रश्न शमीवृक्ष यांनी काढलाच आहे, तर तो थोडा पुढे नेतो. त्या युद्धात अमेरिकेच्या बावन्न पाणबुड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर सुमारे साडेतीन हजार माणसे. अनेक पाणबुड्यांवरचे कोणीच वाचले नाही. त्यांच्या अखेरच्या गस्तीत कोणी काय पराक्रम केला हे सांगायला माणूस नाही, अहवाल नाही, म्हणून मानपत्रही नाही. पदकांच्या यादीवरून शौर्याची तुलना करताना ही बाजू कायम डोळ्यांआड राहते.

पाणबुडीवरील सात जणांना त्या युद्धात मेडल ऑफ ऑनर मिळाले : गिलमोर, क्रॉमवेल, डीली, रॅमेज, ओकेन, फ्लकी आणि स्ट्रीट. पहिल्या तिघांना ते मरणोत्तर आहे. त्यातही क्रॉमवेल यांचे प्रकरण पाहा. नोव्हेंबर १९४३ मध्ये 'स्कल्पिन' बुडू लागली तेव्हा इतर जण बाहेर पडले; आगामी मोहिमांची आणि जपानी संदेश फोडले जात असल्याची माहिती आपल्याला आहे, पकडले गेल्यास छळ करून ती काढून घेतली जाईल, हे जाणून ते पाणबुडीतच थांबले. ही गोष्ट जगाला कळली ती 'स्कल्पिन'वरून कैद झालेले खलाशी युद्धानंतर जिवंत परतले म्हणून. ते परतले नसते तर क्रॉमवेल हे बुडालेल्या पाणबुडीवरील आणखी एक नाव एवढेच उरले असते.

रिचर्ड ओकेन यांची कथाही तशीच. 'टँग' ही त्यांची पाणबुडी २५ ऑक्टोबर १९४४ रोजी तिच्याच टॉर्पेडोने बुडाली. तो सुटला आणि गोल फिरून तिच्यावरच येऊन आदळला. सत्त्याऐंशींपैकी अठ्ठ्याहत्तर जण गेले. उरलेल्या नऊ जणांत ओकेन होते आणि युद्ध संपेपर्यंत ते जपानी कैदेत होते. संयुक्त समितीने त्यांच्या खात्यावर चोवीस जहाजे लावली, म्हणजे संख्येने फ्लकींपेक्षा बरीच अधिक. टनांच्या हिशेबात मात्र फ्लकी थोडे पुढे आहेत. ओकेन यांच्याकडे मेडल ऑफ ऑनर, तीन नेव्ही क्रॉस, सिल्व्हर स्टार हे त्याखालचे शौर्यपदक, आणि पर्पल हार्टही आहे. या दोघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न इंग्रजी चर्चांमध्ये फार रंगतो. मला तो निरर्थक वाटतो.

माझगावकर

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक तुलना उपयोगी पडेल. अमेरिकेत १९४२ नंतर नेव्ही क्रॉस हा उत्कृष्ट सेवेच्या पदकाच्या वर गेला, म्हणजे लढाईतले शौर्य वर आणि प्रशासकीय वा नेतृत्वविषयक सेवा खाली. भारतातील क्रम तसा सरळ नाही. परमवीर चक्र आणि अशोक चक्र वर असले तरी परम विशिष्ट सेवा पदक हे महावीर चक्राच्या आधी येते आणि अति विशिष्ट सेवा पदक वीर चक्राच्या आधी. म्हणून ॲडमिरल विजयसिंह शेखावत यांच्या नावापुढे परम विशिष्ट सेवा पदक, अति विशिष्ट सेवा पदक आणि सर्वांत शेवटी वीर चक्र असा क्रम लिहिला जातो, जरी काळाच्या दृष्टीने वीर चक्र पहिले असले तरी. १९७१ च्या युद्धात ते 'आयएनएस करंज' या पाणबुडीचे कमांडिंग ऑफिसर होते आणि वीर चक्र त्यांना त्याबद्दल मिळाले. पुढे १९९३ ते १९९६ या काळात ते नौदलप्रमुख झाले. नावापुढची अक्षरे वाचताना शेवटच्या अक्षरांकडे आधी पाहावे, असे मी तरुण मित्रांना नेहमी सांगतो.

माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी 'करंज' १० मार्च २०२१ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत सेवेत दाखल झाली तेव्हा प्रमुख पाहुणे शेखावतच होते. जुन्या 'करंज'ला सेवेत दाखल करणाऱ्या मूळ चमूतही ते होते. पाहुणा निवडावा तर असा.

शांतताकाळातील शौर्याचाही उल्लेख करतो, कारण पाणबुडीवर शत्रू नसतानाही मृत्यू जवळच असतो. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात 'आयएनएस सिंधुरत्न'मध्ये धूर कोंडला. सहकाऱ्यांना बाहेर काढताना लेफ्टनंट कमांडर कपीश मुवाल आणि लेफ्टनंट कमांडर मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी मरण पावले. दोघांना मरणोत्तर शौर्य चक्र देण्यात आले. येथे टनांचा हिशेब नाही की बुडवलेल्या जहाजांचा दावा नाही, आणि साक्षीला वाचलेले सहकारी आहेत.

शमीवृक्ष

माझगावकर यांच्या शेवटच्या परिच्छेदाने माझा आक्षेप अधिक नेमका झाला. आगीच्या वा धुराच्या प्रसंगी पदकाची साक्ष वाचलेले लोक देतात. गस्तीच्या पदकाची साक्ष बऱ्याच अंशी ज्याला ते मिळायचे आहे त्याचाच अहवाल देतो. फ्लकी यांच्या धैर्याविषयी मला शंका नाही. तपासणीनंतर आकडे बदलले तेव्हा मानपत्रांना निदान एखादी पुरवणी जोडायला हवी होती, इतकेच माझे म्हणणे आहे. तारीखसुद्धा दुरुस्त होऊ नये?

गस्तकरी

तारखेपुरता मी आपल्याशी सहमत आहे. आकड्यांच्या बाबतीत मात्र नाही. पाच फॅदम पाण्यात पृष्ठभागावरून शिरण्याचा निर्णय रात्री घेतला गेला तेव्हा किती जहाजे बुडतील हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि पदक त्या निर्णयाचे आहे. आठपैकी आठही टॉर्पेडो वाया गेले असते तर कदाचित पदक मिळाले नसते हे खरे. तो दोष मात्र पदके देणाऱ्यांच्या मोजमापाचा आहे, तो निर्णय घेणाऱ्याचा नव्हे.

दीपस्तंभ

एक प्रश्न राहिला आहे : युद्धानंतरच्या जवळपास तीन दशकांच्या सेवेत फ्लकी यांना काय मिळाले?

सिंधुपुत्र

सेवापदके मिळाली, उदाहरणार्थ लीजन ऑफ मेरिट. युद्ध संपल्यावर ते, युद्धकाळात पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख असलेल्या ॲडमिरल निमिट्झ यांचे स्वीय सहायक झाले. पुढे पॅसिफिकमधील पाणबुडी दलाचे प्रमुख, मग नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक, आणि अखेरीस पोर्तुगालमध्ये नाटोच्या एका विभागाचे सेनापती होऊन १९७२ साली निवृत्त झाले. या सत्तावीस वर्षांतील एकही पदक नेव्ही क्रॉसच्या पंगतीला बसणारे नाही आणि तसे असण्याचे कारणही नव्हते.

'बार्ब'चे पुढे काय झाले असे दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे, म्हणून येथेच लिहितो. १९५४ साली ती इटलीच्या नौदलाला देण्यात आली. तेथे तिचे नाव 'एन्रिको ताझोली' झाले आणि १९७२ मध्ये, म्हणजे फ्लकी निवृत्त झाले त्याच वर्षी, ती भंगारात विकली गेली. तिचा युद्धध्वज मात्र सुपरिचित आहे. त्यावर बुडवलेल्या जहाजांच्या चिन्हांबरोबर एक आगगाडीही आहे.